खतीजा क्रीक पार्कात थांबली आहे

शनिवारी सकाळी चहा गाळत असताना सतीशचा फोन वाजला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी अपर्णाने गाळणं बाजूला ठेवलं. सतीश जबल अलीतल्या एका गोदामाचा मॅनेजर. सुट्टीच्या दिवशी त्याला फोन आला की तो खुशाली विचारायला नसतो.

“येस सर... ओके... निघतो,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि बायकोकडे न बघताच बोलला, “दुपारनंतर पावसाचा अलर्ट आहे. खालचा सगळा माल वर चढवायचाय. सगळ्यांना बोलावलंय.”

“आणि खतीजा?”

सतीशने कपाळावर हात मारून घेतला. खतीजा, अपर्णाची जुनी मैत्रीण, आज कायमची गावी निघाली होती. तिचं विमान संध्याकाळी शारजाहून कण्णूरला. त्याआधी दुपारी ती क्रीक पार्कात येणार होती आणि सतीश अपर्णाला गाडीने तिथे घेऊन जाणार होता. दोन आठवड्यांपासून ठरलेलं होतं.

“मी लवकर सुटायचा ट्राय करतो.”

“तीनला ती निघणार, सतीश.”

“मग टॅक्सी...” तो बोलून गेला आणि गाडीच्या किल्ल्या शोधू लागला. टॅक्सी हा शब्द त्या घरात दीड वर्षात कुणी उच्चारला नव्हता.

अपर्णा मुळात घाबरट बाई नव्हे. सत्त्याण्णव साली लग्न होऊन चिंचवडहून इकडे आखातात आली, तेव्हा करामा भागात एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं राहायची आणि स्वयंपाकघरात पाळ्या लावलेल्या असायच्या. त्यातून तिने अकाउंट्सची नोकरी धरली. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पाच वेळा नापास होऊन सहाव्यांदा लायसन्स काढलं, आणि मग वीसेक वर्षं डिस्कव्हरी गार्डन्सपासून थेट रास अल खैमापर्यंत एकटी गाडी हाकली. ओळखीतल्या बायकांना ती सांगायची, “अगं, ट्रकला भ्यायचं नाही, ट्रकनेच आपल्याला भ्यायला पाहिजे.”

चोवीस सालच्या एप्रिलमधल्या त्या पावसाने हे सगळं पुसून टाकलं. ऑफिसातून घरी येताना सर्व्हिस रोडवर एका पुलाखाली तिची गाडी बंद पडली आणि पाणी वाढत गेलं. आधी चपला भिजल्या, मग सीट भिजली, मग पाणी मांडीवर आलं. दार उघडेना, काच खाली जाईना. एका ट्रकच्या ड्रायव्हरने, हमदुल्ला नावाच्या पठाणाने, पान्याने काच फोडून तिला बाहेर ओढलं आणि कंबरभर पाण्यातून पुलापलीकडे नेऊन सोडलं. जखम एकच झाली, कोपराला. पण त्यानंतर ती स्टिअरिंगला हात लावू शकली नाही. सतीशच्या गाडीतही मागे बसायची, डोळे मिटून, दाराची कडी घट्ट धरून. परक्या माणसाच्या गाडीत तर बसणंच नाही. दार बंद झाल्याचा आवाज आला की तिला श्वास पुरायचा नाही. नोकरी सुटली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल. सतीश म्हणाला, होईल. त्या हळूहळूमध्ये दीड वर्ष गेलं होतं.

सतीश गेल्यावर तिने खतीजाला फोन लावला. आधी अरबीत आणि मग इंग्रजीत उत्तर आलं की हा नंबर बंद आहे. अपर्णाला आठवलं, खतीजा म्हणाली होती, शुक्रवारपासून माझं सिम खलास. तिच्या मुलाचा, गनीचा, नंबर घेऊन ठेवावा हे दोघींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. गाडीने जायचं, पार्कातल्या नेहमीच्या झाडाखाली भेटायचं, त्यात विचारायचं काय? व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजला एकच टिक आली आणि ती एकच राहिली.

म्हणजे आता खतीजा येणार, वाट बघणार, आणि अपर्णा का आली नाही हे न कळताच विमानात बसणार.

अपर्णा खिडकीशी गेली. आकाश राखाडी झालं होतं. समोर पुलावरून मेट्रोची निळी गाडी सरकत गेली. डिस्कव्हरी गार्डन्सचं स्टेशन घरापासून चालत जाण्याजोगं होतं. पण तिथून गाडीत बसायचं तर एकटीनेच. शिवाय त्या गाडीला ड्रायव्हर नाही. मध्येच थांबली तर हाक कुणाला मारायची?

तिने मुलीला फोन लावला. केया अबू धाबीत नोकरीला आहे. जन्म इथला, शाळा इथली. आई मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते.

“केया, मी मेट्रोने क्रीक पार्कला जाऊ का?”

“बाय युअरसेल्फ? आई, आर यू शुअर?”

“शुअर कसली असणार? पण खतीजामावशी थांबलेली असेल गं.”

“ओके. ओके, गुड. ट्रेनमध्ये बसलीस की मला कॉल कर. आय विल स्टे ऑन द लाइन.”

मेट्रोचं नोल कार्ड सापडायला वेळ लागला. ते सापडल्यावर पर्स बदलली, पुन्हा जुनी घेतली, गॅस दोनदा बघितला. दाराला कुलूप लावून जिना उतरल्यावर परत वर जाऊन कुलूप ओढून बघितलं. हे सगळं उशीर करण्यासाठीच चाललंय हे तिला कळत होतं.

गाडीत बायकांच्या डब्यात जागा मिळाली. दारं मिटली तसे अपर्णाने डोळे मिटले. गाडी सुरू झाल्यावर एकेक करून उघडले. शेजारी एक फिलिपिनो मुलगी पाय लांब करून झोपली होती. इतकी गाढ झोपली होती की तिच्याकडे बघून अपर्णाला थोडं बरं वाटलं. झोप लागते म्हणजे भीतीचं काही नसावं. खाली शेख झायेद रोडवर गाड्या धावत होत्या. तिची नजर सारखी पुलांच्या खाली जात होती, पाणी साचलंय का बघायला. रस्ते कोरडे ठणठणीत होते.

केया फोनवर बोलत राहिली, ऑफिसचं, मैत्रिणीच्या मांजराचं. अपर्णा नुसती हं हं करत होती. मध्येच केया म्हणाली, “आई, लिसन. बुर्जुमानला चेंज. ग्रीन लाइन, टुवर्ड्स क्रीक. ओके? अँड देन गेट डाऊन ॲट...”

नेमकी तेव्हा गाडी जमिनीखाली शिरली. खिडकीतला उजेड विझला आणि काळी भिंत धावू लागली. अपर्णाच्या कानात रक्ताचा आवाज सुरू झाला. केया पुढे काय बोलली ते तिला ऐकू आलंच नाही. ती म्हणाली, “हो, हो, क्रीक,” आणि खांब दोन्ही हातांनी धरला.

“आई? ब्रीद. स्लोली.”

“घेतेय गं श्वास. तू बोल.”

बुर्जुमानला ती गर्दीबरोबर ढकलल्यासारखी उतरली. एका बाकावर बसली. उठून परत जावं असं मनात आलं, पण परत जायचं तरी याच गाडीने, याच अंधारातून. हा हिशेब तिला त्या अवस्थेतही कळला. मग पुढेच जाऊ, म्हणून ती ग्रीन लाइनकडे नेणाऱ्या हिरव्या पट्टीमागे निघाली.

या पार्काची आणि खतीजाची गोष्ट जुनी. केया झाली तेव्हा अपर्णाला आईजवळ जाता आलं नव्हतं, आणि तिची आईही येऊ शकली नव्हती. बाळ रडायचं, अपर्णाही रडायची. दिवसेंदिवस तोंड धुवायचंही सुचायचं नाही. खतीजा शेजारच्या फ्लॅटमधली. नवऱ्याचं खाली किराणा मालाचं दुकान, पदरात तेवढाच लहान गनी. ती एका बुधवारी दार ढकलून आत आली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “उठो. मुँह धोओ. बाहर जाना है.” दोन मुलं, दोन बाबागाड्या, डब्यात तांदळाच्या शेवयांचे इडिअप्पम. बसने त्या क्रीक पार्कात गेल्या. बुधवारी तिथे फक्त बायका आणि लहान मुलांना प्रवेश असायचा. खाडीच्या कडेला एका झाडाखाली खतीजाने चटई पसरली आणि अपर्णाला सांगितलं, “तू सो जा. दोनों बच्चा मैं देखता.” अपर्णा खरंच झोपली. केया झाल्यापासून तशी झोप तिला लागली नव्हती. पुढे कित्येक वर्षं ते बुधवार चालले. नंतर खतीजाचं कुटुंब अजमानला गेलं, अपर्णाचं डिस्कव्हरी गार्डन्सला. दोन वर्षांपूर्वी खतीजाचा नवरा गेला. आता गावी आई अंथरुणाला खिळली होती आणि तिचं करायला खतीजाच उरली होती.

ग्रीन लाइनची गाडी लवकरच जमिनीवर आली. अपर्णाने घाम पुसला. उद मेथा गेलं. पुढचं स्टेशन हेल्थकेअर सिटी, तेही गेलं. पाटीवर शेवटी क्रीक लिहिलेलं होतं, आणि तिला तिथेच जायचं होतं. अल जदाफ गेलं. डबा जवळजवळ रिकामा झाला. क्रीक आलं तशी ती सगळ्यांच्या आधी उतरली आणि सरकत्या जिन्याने खाली आली.

बाहेर रुंद मोकळा रस्ता, बांधकामाच्या क्रेन आणि वारा. झाडं नाहीत, गेट नाही. दूरवर पाणी होतं, पण ते तिचं पाणी नव्हतं.

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत पार्क हलवला की काय, असाही एक वेडा विचार येऊन गेला. मग ती परत आत धावली आणि गेटाशी उभ्या असलेल्या स्टेशनच्या मुलीला हिंदीत विचारलं. मुलीच्या छातीवर झारा नाव होतं.

“क्रीक पार्क? नहीं आंटी, ये क्रीक स्टेशन है. पार्क अलग. आप हेल्थकेअर सिटी जाइए, दो स्टेशन पीछे. वहाँ से वॉकिंग.”

“पर नाम तो क्रीक है!”

“रोज कोई ना कोई आता है,” झारा हसून म्हणाली. अपर्णाचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. “आंटी, तबियत ठीक है? पानी?”

“पानी नहीं चाहिए,” अपर्णा इतक्या जोरात म्हणाली की ती मुलगी दचकली.

परतीची गाडी सुटायला वेळ होता. दारं उघडी ठेवून नुसतीच उभी होती. अपर्णा दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती. अडीच वाजून गेले होते. फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून केयाला “नंतर बोलते” सांगून तिने फोन ठेवला. आता कानात कुणाचाच आवाज नव्हता. गाडी एकदाची निघाली, आणि खिडकीच्या काचेवर पहिला तिरपा थेंब पडला.

हेल्थकेअर सिटीला ती बाहेर आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. फार नव्हे. पुण्यात अशा पावसात कुणी छत्रीही उघडणार नाही. पण रस्त्याच्या कडेने पाण्याची एक धार वाहू लागली होती, वीतभर रुंद, आणि ती ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं.

अपर्णा काठावर उभी राहिली. हॉस्पिटलच्या दोन नर्स बोलत बोलत ती धार ओलांडून गेल्या. एक सायकलवाला गेला. हिचा पाय उचलेना. एवढंसं पाणी आहे, हे तिला दिसत होतं, कळतही होतं. तरी मांडीला गार स्पर्श होऊ लागला, अगदी तसाच.

ती वळली. उलट दिशेने चालत सुटली. रस्ता जिथे उंच होता आणि कड कोरडी होती, तिथपर्यंत लांब वळसा घालून गेली आणि तिथे ओलांडला. त्यात बराच वेळ गेला. चालता चालता ती मोठ्याने स्वतःशी बोलत होती, “थांब गं बाई, थांब. गनीला म्हणावं पाच मिनिटं थांब.” समोरून येणारा माणूस बाजूला सरकला.

पार्काच्या गेटावर तिकिटासाठी तेच नोल कार्ड लावलं. आत शिरल्यावर पाय आपोआप वळले. हिरवळ तीच, खाडीकडे उतरणारी वाट तीच. घरी निघालेली कुटुंबं चटया गुंडाळून धावत होती. ती उलटी, पाण्याकडे. झाड दिसलं. झाडाखाली कुणी नव्हतं.

ओलं गवत होतं, कुणाचा तरी फुटलेला फुगा होता. खाडीवर एक अब्रा होडी कापडी छत थरथरवत चालली होती. अपर्णा झाडाला हात लावून उभी राहिली. गेली असणार. तीन वाजून गेले होते. विमान काही कुणासाठी थांबत नाही. तिला रडू आलं नाही, ती तिथेच ओल्या गवतात बसली. एवढ्या लांब येऊन, अंधारातून, चुकीच्या स्टेशनातून, आणि त्या वीतभर पाण्यापायी...

“अपर्णा आंटी! आंटी!”

वाटेवरून गनी धावत येत होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा बाप्या, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरलेली. “कब से ढूँढ रहा हूँ! उम्मा गाडी में बैठी है, निकलने नहीं देती. चलो चलो, यल्ला!”

दोघं धावत पार्किंगला आले. खतीजा पुढच्या सीटवर दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसली होती. तिच्या चपला पावसात भिजत होत्या. अपर्णाला पाहून ती उठली नाही, फक्त मुलाकडे बोट केलं.

“मैं बोला ना? आयेगी बोली तो आयेगी.”

मग उठली आणि अपर्णाला कवेत घेतलं. खतीजाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला. “अकेली आयी? सतीश किधर?”

“ड्युटी पे. मैं मेट्रो से आयी. गलत स्टेशन पे उतर गयी.”

“मेट्रो से!” खतीजाला सगळं माहीत होतं. गाडी, पाणी, दीड वर्ष. तिने आपल्या ओढणीने अपर्णाचं कपाळ पुसलं.

“उम्मा,” गनी काकुळतीने म्हणाला, “काउंटर बंद हो जायेगा. सच में.”

एवढंच? अपर्णाच्या मनात आलं. एवढ्यासाठी? खतीजाच्याही मनात तेच आलं असावं. तिने मागचं दार उघडलं. “बैठ. एअरपोर्ट तक बात करेंगे.”

अपर्णाने उघड्या दारातून आत पाहिलं. काळी सीट. काचांवरून ओघळणारं पाणी. पुढे वायपर फिरत होते. तिची मान हलली, नाही म्हणून.

“खिडकी खुली रखेंगे,” खतीजा म्हणाली. “पूरी.”

“उम्मा, बारिश...”

“चुप रे. खोल.”

गनीने चारही काचा खाली केल्या. गियर टाकताच लॉक लागल्याचा खट् आवाज झाला. अपर्णा मागे सरली. गनीने आरशातून पाहिलं आणि मुकाट्याने लॉक काढलं. खतीजा मागे आत जाऊन पलीकडे सरकून बसली, आणि तिने हात पुढे केला.

अपर्णा बसली. कशी बसली ते तिला आजही नीट सांगता येत नाही. बसली, दार ओढलं, आणि गाडी निघाली तशी उघड्या खिडकीच्या कडेला एका हाताने लटकल्यासारखी धरून राहिली. गरहूदच्या पुलावर वाऱ्याने पाऊस सरळ आत आला. सीट भिजली, खतीजाची प्रवासाची नवी ओढणी भिजली, शेजारच्या लेनमधला टॅक्सीवाला बघतच राहिला. गनीने एकही काच वर केली नाही.

बोलणं म्हणावं तर फारसं झालं नाही. अर्धा रस्ता अपर्णा डोळे मिटून होती. खतीजा तिचा हात मांडीवर घेऊन एका सुरात सांगत राहिली. आई आता कुणाला ओळखत नाही, पण भात भरवला की तोंड उघडते. घरामागे दोन फणस आहेत. गनीसाठी मुलगी बघायचीय, पण हा फोटोच पाठवत नाही. मध्येच एका सिग्नलपाशी रस्त्यावर पाणी साचलेलं होतं आणि गाड्या संथ झाल्या. अपर्णा किंचाळली, “रुको! गनी, रुको!” गनीने गाडी कडेला घेऊन थांबवली. पाण्यातून एक छोटी गाडी गेली, मग एक व्हॅन गेली. चाकं अर्धीही बुडली नाहीत.

“देखा?” खतीजा हळूच म्हणाली. “जायें?”

अपर्णाने तिचा हात पिरगळला जाईल इतका दाबला आणि मान हलवली, हो म्हणून.

शारजा एअरपोर्टवर निरोप असा झालाच नाही. ट्रॉली, पासपोर्ट, गनीची धावपळ. काचेच्या दाराशी खतीजा वळली, ओलीचिंब, आणि म्हणाली, “तू आना. कण्णूर में ट्रेन रुकती है. उधर डरना नहीं, उधर बारिश रोज होती है.” हे सांत्वन होतं की काय, हे अपर्णाला कळेपर्यंत दार मिटलं होतं.

तेव्हा पर्समध्ये फोन गुरगुरला. सतीशचे अनेक मिस्ड कॉल होते. खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्यात एकही ऐकू आला नव्हता.

“कुठे आहेस तू?” तो जवळजवळ ओरडलाच. “केयाने सांगितलं म्हणून मी क्रीक पार्कात उभाय! सगळा पार्क पालथा घातला, गेटावर विचारलं. खाडीच्या कडेने दोनदा चालत गेलो, अपर्णा...”

“मी शारजाला आहे.”

“शारजाला? कशी गेलीस?”

“गनीच्या गाडीने.”

मग सतीश एवढंच म्हणाला, “तिथेच थांब. मी येतो.” आणि लगेच, “थांबशील ना?”

तो आला तेव्हा पाऊस ओसरला होता. घरी जाताना ती मागेच बसली, तिच्या बाजूची काच उघडी ठेवून, आणि सतीशने एसी बंद केला. पुढचे दोन दिवस ती तापाने अंथरुणात होती.

त्यानंतर ती बरी झाली असं म्हणता येणार नाही. गाडी तिने अजून चालवलेली नाही. सतीशने तिची जुनी गाडी विकायचं काढलं, तेव्हा तिने अडवलंही नाही. पण आठवड्यातून एकदा ती मेट्रोने निघते, कधी मॉलला, कधी करामातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात. जमिनीखालच्या टप्प्यात अजूनही खांब धरते. फेब्रुवारीत खतीजाची आई गेल्याचा फोन आला, तेव्हा तिने सतीशला कण्णूरचं तिकीट काढायला सांगितलं. एकटीचं. त्याने दोनदा विचारलं आणि तिने दोनदा हो म्हटलं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन, या दिवसांत कण्णूरला पाऊस असतो का हे विचारायला केयाला फोन लावत बसली.